फाकडा आणि फाकडी : रूपप्रशंसेच्या बोलशब्दांचा विचार

एखादी व्यक्ती दिसावयास चांगली आहे, एवढा साधा अभिप्राय व्यक्त करण्यासाठी मराठीत दोन वेगळे शब्दसंग्रह नांदत आहेत. पहिला ग्रंथांचा : सुंदर, रूपवान, सुस्वरूप, मनोहर, लावण्यवती. दुसरा कट्ट्याचा, तालमीचा, तमाशाच्या फडाचा आणि महाविद्यालयीन उपाहारगृहाचा : फाकडा, छेलछबेला, छावी, चिकणा, टंच, पाखरू, फटाकडी, कडक. पहिल्या संग्रहाचा विचार साहित्यशास्त्राने शतकानुशतके केला आहे. दुसऱ्याची बोळवण ‘ग्राम्य’ या एका विशेषणाने करण्याची रीत मराठी समीक्षेत रूढ आहे. या रीतीचे फळ असे की, शाहिरी रचनेत असा शब्द आला म्हणजे टिपेत ‘सुंदर’ एवढाच अर्थ लिहून टीकाकार पुढे जातो आणि वाचणाऱ्या विद्यार्थ्यास कवीने अमुकच शब्द का घेतला हा प्रश्न पडतच नाही. फाकडा म्हणजे सुंदर नव्हे. त्या दोहोंत जे अंतर आहे त्यातच या शब्दसंग्रहाचे मर्म आहे.

ग्राम्यतेचा शिक्का किती तकलादू असतो याचे उत्तम उदाहरण खुद्द संस्कृत साहित्यशास्त्रात सापडते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ग्राम्य या पददोषाचे उदाहरण म्हणून जो शब्द दाखवला तो ‘कटि’ होय. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडिताच्या कानाला हा शब्द गावंढळ वाटत होता. नायिकेच्या वर्णनात तो आला की काव्याची प्रतिष्ठा ढळते, असे त्याचे मत. मराठीत तोच शब्द आज केवळ भारदस्त नव्हे तर सोवळा ठरला आहे. विठ्ठलमूर्तीच्या वर्णनात तो भक्तीने उच्चारला जातो आणि नेहमीच्या बोलण्यात ‘कंबर’ म्हणणारा मनुष्य लिहिताना ‘कटी’कडे वळतो. म्हणजे ग्राम्यत्व हा शब्दाचा अंगभूत धर्म नसून बोलणाऱ्यांच्या परस्परसंबंधांतून त्यास चिकटणारा व त्याच कारणाने गळून पडणारा गुण आहे. रूपप्रशंसेच्या बोलशब्दांना हे विशेषच लागू पडते. कारण ते शब्द पाहिल्या जाणाऱ्या व्यक्तीइतकेच पाहणाऱ्याविषयीही बोलतात.

‘फाकडा’ या शब्दाची कथा या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना वडगाव मावळ लागते. तेथे एका इंग्रज कप्तानाची समाधी असून आसपासचे लोक तिला देवस्थान मानीत आले आहेत. राघोबादादास पुण्याच्या गादीवर बसविण्याच्या निमित्ताने मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली, तेव्हा १७७९ च्या जानेवारीत कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. झाडावर चढून तो मराठी फौजेची टेहळणी करीत होता, अशी आख्यायिका आहे. त्याच मोहिमेत इंग्रजांना वडगावचा तह पत्करावा लागला. पराभूत सैन्यातल्या या परक्या कप्तानाला मराठ्यांनी जे नाव दिले ते ‘इष्टुर फाकडा’. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात या नावाची आठवण त्या मुलखात शिल्लक असल्याचे नमूद केले आहे. शत्रूला दिलेली ही पदवी सहजगत्या दिलेली नव्हती. मानाजी शिंदे आणि कोन्हेरराव एकबोटे हे मराठी सरदारही ‘फाकडे’ म्हणूनच ओळखले जात. फाकडा तो की, जो जिवाची पर्वा करीत नाही आणि ती पर्वा करीत नसल्याचे चारचौघांना दिसू देतो.

या वर्णनाचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. केवळ शूराला मराठीत शूर, धारकरी, रणगाजी असे शब्द होतेच. ‘फाकडा’ म्हणताना शौर्याबरोबर त्याचा डौल अभिप्रेत असतो : पगडीचा कोन, घोड्यावरची बैठक, मिशीचा पीळ, बोलण्यातली बेफिकिरी. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (१९३२–१९३८) ऐटबाज आणि धाडसी या दोन्ही छटा या शब्दापाशी नांदतात, त्या याचमुळे. पेशवाई गेली, १८१८ नंतर धाडसाला वाव उरला नाही, पण ऐटीला राहिला. तलवार म्यानात गेल्यावर शब्दातील शौर्य क्षीण होत गेले आणि डौल तेवढा उरला. पुढच्या काळात एखाद्या तरुणास फाकडा गडी म्हटले तर त्याने लढाई मारली असे कोणी समजत नाही. तो छातीठोक आहे, नटून निघाला आहे आणि पाहणाऱ्याची नजर त्याच्यावर ठरते, एवढेच समजते. देखणेपण येथे नाकाडोळ्यांत नाही, चालण्यात आहे.

हा अर्थप्रवास मराठीपुरता असता तर त्याला स्थानिक अपघात म्हणता आले असते. परंतु हजारो मैल दूरच्या स्पॅनिश भाषेत, मराठीशी कसलाही संबंध नसताना, जवळजवळ हाच प्रवास घडला आहे. आज स्पेनमध्ये देखण्या पुरुषाला ‘ग्वापो’ व देखण्या स्त्रीला ‘ग्वापा’ म्हणतात. या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत उतरून गेलेल्या, चव गमावलेल्या दारूच्या नावात शोधले जाते. त्यावरून तो निकामी मनुष्याला, पुढे फ्रान्सच्या बोलींतून भटक्या गुंडाला लागला आणि स्पॅनिशमध्ये आल्यावर धीट, लढाऊ पुरुषाचा वाचक झाला. स्पॅनिश अकादमीचा पहिला मोठा कोश १७२६ ते १७३९ या वर्षांत निघाला. त्यात ग्वापो म्हणजे संकटाला तुच्छ लेखणारा शूर, आणि त्याच शब्दाला लागून झोकात कपडे करणारा छानछोकीचा पुरुष, असे दोन्ही अर्थ आहेत. मावळात कप्तान स्ट्यूअर्ट पडण्यापूर्वी सुमारे अर्धशतक माद्रिदचे कोशकार फाकड्याची जणू व्याख्याच लिहीत होते. कॅरिबियन बेटांत आजही ग्वापो म्हणजे भांडणाला न भिणारा. मुख्य भूमीवर मात्र केवळ देखणा. अठराव्या शतकातील माद्रिदच्या पेठांतील ‘माहो’ नावाचा भडक पोशाखाचा, खुन्नस बाळगणारा तरुण आणि गोयाच्या दोन विख्यात चित्रांतील त्याची स्त्री-जोडीदार ‘माहा’ हीही याच कुळातली मंडळी. त्यांच्या नावाचा अर्थ आता निवळून ‘छान, मनमिळाऊ’ इतका सौम्य झाला आहे. शस्त्र बाळगणारा वर्ग नाहीसा झाला की त्याचा पोशाख सौंदर्याच्या खात्यात जमा होतो, असे या दोन्ही इतिहासांवरून दिसते.

पुरुषरूपाचा दुसरा जुना शब्द ‘छेल’. त्याच्यामागे प्राकृतातील ‘छइल्ल’ उभा आहे आणि हिंदीतील ‘छैला’ हा त्याचा भाऊ होय. प्राकृतात या शब्दाने चतुर, विदग्ध पुरुष सूचित होई. येथेही मूळ गुण शरीराचा नाही. तो हुशारीचा, नागरपणाचा आहे. ‘छावा’ घेतला तर संस्कृत ‘शाव’, प्राकृत ‘छाव’, म्हणजे सिंहाचे किंवा हत्तीचे पिल्लू. त्यातही पराक्रमाची शक्यता गृहीत आहे. यावरून एक सूत्र हाती लागते : पुरुषाच्या देखणेपणाचे बोलशब्द त्याच्या काहीतरी करण्यातून निघतात. तो लढतो, मिरवतो, चातुर्याने बोलतो, झेप घेतो; आणि मग त्यामुळे तो चांगला दिसतो.

आता याच शब्दांची स्त्रीलिंगी रूपे पाहावीत. फाकडा ही सरदाराची पदवी होऊ शकली. ‘फाकडी’ कोणत्याही सरदारणीची झाली नाही. ती तमाशाच्या बोर्डावर राहिली. तेथे तिचा अर्थ नटवी, ठसकेबाज, नजरेला नजर देणारी बाई असा होतो आणि घरंदाज स्त्रीने तो स्वतःसंबंधी ऐकून घेतला नसता. शौर्याचा अंश व्याकरणाचा एक प्रत्यय बदलताच गळून पडला. ‘छावा’ आणि ‘छावी’ यांचे तर आणखी स्पष्ट आहे. शिवाजी सावंतांनी १९७९ साली संभाजी महाराजांवरील कादंबरीस ‘छावा’ हे नाव दिले. २०२५ च्या फेब्रुवारीत तिच्यावर आधारलेला हिंदी चित्रपट आला आणि तो शब्द देशभर घोषणेसारखा दुमदुमला. ‘छावी’ मात्र महाविद्यालयाच्या कट्ट्यावरच आहे, आणि तेथेही ती बहुधा षष्ठीसह येते : याची छावी, त्याची छावी. ‘तिचा छावा’ असाही प्रयोग होतो हे खरे. पण छाव्याला या प्रयोगाबाहेर दुसरे आयुष्य आहे, छावीला नाही. उलट बाजूने पडताळा घ्यावयाचा तर स्त्रीच्या शौर्याचे शब्द घ्यावेत. मर्दानी, रणरागिणी, वाघीण ही विशेषणे मराठीत आदराने वापरली जातात. परंतु त्यांतले एकही काळाच्या ओघात ‘देखणी’ या अर्थाकडे सरकलेले नाही. पुरुषाचे शौर्य रूपात रूपांतरित होते, स्त्रीचे होत नाही.

मग स्त्रीरूपाचे बोलशब्द येतात कोठून? वस्तूंतून. फटाकडी हा दिवाळीतला छोटा फटाका. त्या नावाचा मराठी चित्रपट १९८० साली आला तेव्हा शीर्षकाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. लवंगी मिरची स्वयंपाकघरातली, पाखरू रानातले. ‘पाखरू’ या शब्दाकडे व्याकरणाच्या अभ्यासकाने थांबून पाहावे. मराठीस तीन लिंगे आहेत आणि नपुंसकलिंग माणसालाही लावण्याची सोय आहे : लेकरू, मूल, पोर. तेथे ते वात्सल्याचे लिंग आहे. तरुण स्त्रीला ‘काय पाखरू आहे!’ म्हणताना तीच सोय वापरली जाते. वात्सल्य शिल्लक राहते की नाही हे म्हणणाऱ्याच्या स्वरावर अवलंबून, पण समोरची व्यक्ती ‘ती’ची ‘ते’ झालेली असते. ‘काय प्रकरण आहे!’ ‘काय सामान आहे!’ हे अधिक उथळ प्रयोगही नपुंसकलिंगीच आहेत. स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नामे नाहीत. तरी तेथेही आकर्षक स्त्रीला ‘बोंबोन’ म्हणजे चॉकलेटची गोळी म्हणतात, आणि व्याकरणदृष्ट्या ती गोळी पुल्लिंगी राहते. वस्तू झाली की स्त्रीचे लिंगही तिच्याकडे राहत नाही.

‘टंच’ हा यातला सर्वांत गुंतागुंतीचा शब्द. सराफकट्ट्यावर टंच म्हणजे सोन्याचांदीचा कस, शुद्धतेचे प्रमाण. बोलण्यात टंच म्हणजे तट्ट भरलेले, सैल नसलेले. व्यक्तीला लावताना दोन्ही अर्थ एकमेकांच्या आडोशाने वावरतात. २०१३ साली मध्य प्रदेशात मंदसौरच्या सभेत एका ज्येष्ठ राजकीय नेत्याने आपल्याच पक्षाच्या महिला खासदारास ‘सौ टंच माल’ म्हटले. गदारोळ झाल्यावर आपला रोख शंभर नंबरी सोन्याकडे होता, असा खुलासा करण्यात आला. कोशाच्या आधारे पाहता ‘टंच’पुरता हा खुलासा टिकतो. ‘माल’पाशी तो अडतो.

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणी म्हणेल की, हा बोलीचाच दोष आहे आणि म्हणूनच सुसंस्कृत लेखनाने तिच्यापासून दूर राहावे. हा निष्कर्ष घाईचा ठरेल. ग्रंथभाषेच्या मुकुटातील मणी म्हणावा असा ‘लावण्य’ हा शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ या शब्दापासून झाला आहे. कोणे एके काळी कोणा रसिकाने एखाद्या रूपास ‘खारट’, म्हणजे चवदार, म्हटले असणार. ती थट्टा पुढे शास्त्रमान्य झाली. हिंदीतील ‘सलोना’ त्याच मिठाचा, आणि स्पॅनिश भाषेत खुमासदार स्त्रीला ‘सालादा’ म्हणजे खारट म्हणतात; तिच्या अंगच्या खुमारीला ‘सालेरो’ म्हणतात, ज्याचा मूळ अर्थ मिठाचे भांडे. (रूपाला लागलेली दृष्ट काढतानाही मराठी घरात मीठ-मोहऱ्याच घेतात, हा योगायोग असला तरी गमतीचा आहे.) तेव्हा वस्तूची उपमा हा कट्ट्याचा शोध नाही. कट्ट्याची उपमा ताजी असते आणि ग्रंथांतली झिजलेली, एवढाच फरक.

शिवाय सभ्य मराठीचा एक तिसरा शब्दसंग्रह आहे, त्याकडे समीक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. तो लग्नाच्या बाजारातला. ‘स्थळ’ हा शब्दच पाहावा : माणसाऐवजी जागा, आणि पुन्हा नपुंसकलिंग. नाकीडोळी नीटस, निमगोरी, गव्हाळ वर्ण, सडपातळ बांधा, उंची अमुक फूट अमुक इंच : पुण्यातील वृत्तपत्रांच्या वधूवरविषयक जाहिरातींनी हा संग्रह पिढ्यानपिढ्या जतन केला. ‘बघण्याच्या कार्यक्रमा’त मुलीला चालावयास लावणाऱ्या, केस मोकळे सोडावयास सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी एकही ग्राम्य शब्द नसे. मोजमाप मात्र कोणत्याही टंचाहून काटेकोर होते. कट्ट्यावरचा तरुण ‘काय दिसते!’ म्हणतो तेव्हा निदान त्याची स्वतःची उडालेली तारांबळ त्या उद्गारात उघडी पडते. ‘नाकीडोळी नीटस’ म्हणणारा स्वतःबद्दल काहीही कबूल करीत नाही. बोलीवर वस्तुकरणाचा आरोप ठेवताना हा फरक विसरता येत नाही.

लावणीच्या वाचनात या साऱ्याचा उपयोग होतो. म. वा. धोंड यांच्या ‘मऱ्हाटी लावणी’ने (१९५६) शाहिरी शृंगाराकडे गांभीर्याने पाहण्याची वाट मोकळी केली. त्या वाटेने पुढे जाताना बोलणारे कोण, हा प्रश्न शब्दागणिक विचारावा लागतो. लावणीत पुष्कळदा बोलते ती स्त्री. ‘राया’, ‘सख्या’, ‘साजणा’ अशी पुरुषाला साद घालते आणि त्याच्या रूपाची, ऐटीची तारीफ करते. पुरुष येथे पाहिला जातो. मराठीच्या एरवीच्या व्यवहारात रूपाची प्रशंसा तोंडावर करण्याची चाल नाही. ती तिसऱ्याजवळ, तृतीय पुरुषात केली जाते, आणि दृष्ट लागू नये म्हणून तीही अर्धवट. लावणीने हा संकोच मोडून प्रशंसेला संबोधनाचे रूप दिले. अर्थात त्या स्त्रीच्या तोंडचे शब्द रामजोशी, होनाजी किंवा प्रभाकर यांनी लिहिलेले आहेत, हे विसरता येत नाही. पुरुष कवी स्त्रीच्या डोळ्यांनी स्वतःचाच डौल न्याहाळतो आहे, असा आक्षेप घेता येईल, आणि तो बव्हंशी बरोबरही आहे. मात्र आर्यभूषण थिएटरात तीच रचना एखादी स्त्री हजारो डोळ्यांसमोर उभी राहून म्हणते तेव्हा ती कोणाला फाकडा ठरवावयाचे याचा अधिकार तेवढ्यापुरता स्वतःकडे घेते. टिपेत ‘फाकडा = सुंदर’ असे लिहिल्याने हा अधिकार पुसला जातो; कारण सुंदर हा निव्वळ गुण आहे, फाकडा हा निवाडा आहे.

संबोधन आणि शेरा यांतील सीमारेषा फडाबाहेर फार नाजूक होते. स्पेनमध्ये रस्त्याने जाणाऱ्या स्त्रीला उद्देशून केलेल्या प्रशंसोक्तीला ‘पिरोपो’ म्हणतात आणि अनेकांनी तिला काव्याचा दर्जा देऊ केला. तरी २०२२ च्या कायद्याने रस्त्यावरील लैंगिक शेरेबाजी तेथे शिक्षापात्र ठरली. भारतात २०१३ साली दंडविधानात कलम ३५४-अ घालून अशा शेऱ्यांना गुन्हा ठरवण्यात आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ ने घेतली आहे. कायदा शब्दांची यादी देत नाही, आणि ते योग्यच आहे : ‘फटाकडी’ हा शब्द लावणीच्या बैठकीत दाद असतो आणि बसथांब्यावर उपद्रव.

पुरुषाकडे वस्तू म्हणून पाहणारा एक शब्द मराठीत आहे, तो ‘चिकणा’. संस्कृत ‘चिक्कण’, म्हणजे गुळगुळीत, तुळतुळीत. चिकणमाती, चिकणी सुपारी हे त्याचे प्रतिष्ठित सोबती. मुंबईच्या बाजारी हिंदीतून तो रूपवाचक होऊन परत आला. चिकण्या पुरुषाने काही केलेले नाही. त्याचा केवळ पृष्ठभाग चांगला आहे. म्हणूनच पुरुषाला लावलेल्या या शब्दात थोडी चेष्टा शिल्लक राहते. ‘चिकणी’त ती चेष्टा नाही, स्त्रीचा पृष्ठभाग पाहणे बोलीला स्वाभाविक वाटते. ‘जत्रा’ (२००६) या मराठी चित्रपटातील ‘कोंबडी पळाली’ या गाण्याची चाल २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये हिंदीत गेली, तेव्हा कोंबडीची ‘चिकनी चमेली’ झाली. चाल आपली ती आपलीच राहिली, विशेषण मात्र बाजारचे आले.

अलीकडच्या कट्ट्यावर या जोड्याच मागे पडत चालल्या आहेत. कडक, झकास, भन्नाट, खल्लास, जबरी, भारी : तरुण मुलगे आणि मुली दोघेही एकमेकांविषयी हीच विशेषणे वापरतात आणि ती सर्व अविकारी आहेत. फाकडा, फाकडी, फाकडे असे विकार त्यांस होत नाहीत. कडक मुलगा, कडक मुलगी. लिंगाबरोबर शब्दाचा अर्थ पालटण्याची जी खोड वर दिसली तिला येथे व्याकरणाचा आधारच उरत नाही, आणि मुलीने मुलाला कडक म्हणणे ही लावणीतील नव्हे, रोजच्या बोलण्यातील गोष्ट झाली आहे. पण हेच विशेषण चहालाही लागते, इस्त्रीलाही आणि मोटारसायकललाही. वडगावच्या कप्तानाला त्याच्या शत्रूंनी जो शब्द दिला तो मात्र त्यांनी चहाला कधी दिला नव्हता.